न बोलण्याचे बोल



आज आम्ही तुमच्यापुढे बोलायला उभे आहोत, आणि विषय मात्र न बोलण्याचा घेतला आहे. हसू नका. माणूस जसा बोलतो, तसा तो गप्पही बसतो. बोलायला जशी कारणे असतात, तशी गप्प बसायलाही असतात. आपल्या मराठीने तर गप्प बसण्याच्या एकेका तऱ्हेला निराळे नाव देऊन ठेवले आहे.

हे शब्द आम्ही तुम्हाला शिकवायला आलो नाही. ते तुमचेच आहेत. ओट्यावर, पाणवठ्यावर, बांधावर, बाजारात ते रोज ऐकू येतात. पण रोजचे नाणे आपण कधी उलटून पाहत नाही. आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. तेव्हा आज ही नाणी जरा उलटून पाहू.

तोंडात काय आहे?

आधी घेऊ मूग गिळून बसणे.

मूठभर कोरडे मूग तोंडात कोंबले आहेत असे समजा. बोलायला तोंड उघडावे, तर मूग बाहेर पडतील. म्हणून माणूस तोंड मिटून बसतो. गावच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. कोणी नेली ते चार जणांना ठाऊक आहे. पण सरपंचांनी विचारले की चौघेही खाली पाहतात. मग आपण म्हणतो, "सगळे मूग गिळून बसले." म्हणजे काय? माहीत आहे, पण सांगत नाहीत. ज्याला ठाऊकच नाही, त्याने मूग गिळले असे आपण म्हणत नाही.

दुसरा शब्द पाहा. मिठाची गुळणी धरणे.

घसा धरला की आपण कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करतो. तोंडात पाणी आहे तोवर नीट बोलता येत नाही. पाच जणांच्या बैठकीत कोणी असा घुम्यासारखा बसला, तर म्हातारी माणसे विचारतात, "का रे बाबा, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" आता गंमत बघा. मूग गिळले ते पोटात गेले. गुळणी मात्र थुंकता येते. म्हणून हे विचारण्यात थोडी माया आहे. थुंक ती गुळणी आणि बोल, असे त्यात सांगणे आहे.

तिसरा शब्द तोंडाला कुलूप लावणे. कुलूप म्हटले की किल्ली आली. ती किल्ली कोणाच्या हातात आहे, हा मोठा प्रश्न आहे. त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

एका अक्षराचे मोल

आता तुम्ही अक्षरे शिकला आहात. म्हणून अक्षरांतून निघालेले शब्द सांगतो.

"त्याने चकार शब्द काढला नाही," असे आपण म्हणतो. चकार म्हणजे च हे अक्षर. कला ककार म्हणतात, मला मकार म्हणतात, तसा चला चकार. पुरे वाक्य राहू द्या, एक च सुद्धा तोंडातून निघाला नाही, असा त्याचा अर्थ.

"ब्र काढू नकोस," असेही म्हणतात. ब्र हे जोडाक्षर तुम्ही गिरवले आहे. ब आणि र यांची ती जोडी. एवढे लहानसे अक्षरही काढायचे नाही, अशी ती ताकीद असते.

आणि नकार? नकार म्हणजे न हे अक्षर. नाही म्हणताना पहिला न येतो, म्हणून नाही म्हणण्याला नकार हे नाव पडले. पाहा, च गिळला तर माणूस गप्प होतो, आणि न उच्चारला तर माणूस आपले मत सांगतो. गप्प बसणे वेगळे आणि नाही म्हणणे वेगळे. दोन्हींत एका अक्षराचेच अंतर आहे. पण ते एक अक्षर उच्चारायला कधी कधी फार धीर लागतो.

जामीन राहायला कोणी बोलावले. मनातून नको आहे. पण भिडेपोटी नाही म्हणवत नाही. माणूस गप्प राहतो. समोरचा म्हणतो, "गप्प आहेस म्हणजे कबूल आहे." झाले! कागद पुढे सरकतो आणि सही होते. पुढे कर्ज घेणारा हात वर करतो, आणि फेड जामीनदाराच्या गळ्यात पडते. भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील उगाच म्हणत नव्हते.

धरणे, बसणे आणि दाबणे

मंडळी, आता आमच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा ऐका. या सगळ्या शब्दांच्या शेवटी कोणते क्रियापद येते ते बघा.

अबोला धरतात. गुळणी धरतात. मूग गिळतात. मौन पाळतात. ही कामे माणूस स्वतः करतो. म्हणजे त्याने ठरवून गप्प बसायचे.

पण वाचा बसते. दातखीळ बसते. बोबडी वळते. इथे माणूस काही करत नाही. भिंत बसावी, घसा बसावा, तशी वाचा आपोआप बसते. भीतीने, धक्क्याने किंवा लाजेने.

आणि तोंड दाबतात. तोंड बंद करतात. हे काम दुसरा करतो.

म्हणजे गप्प बसणे तीन जातींचे झाले. एक आपण धरलेले. एक आपल्यावर आलेले. एक आपल्यावर लादलेले. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. तिघांचीही तोंडे मिटलेलीच. पण आतून फार फरक आहे. आपण एकेक पाहू.

अबोला

अबोला घरोघरचा आहे. नवरा-बायकोत तो धरला की घरात मोठी मौज होते. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, पण बोलणे काही थांबत नाही. मधे पोराला उभे करतात.

"बाळ्या, तुझ्या बाबांना म्हणावं, भाकरी वाढलीय."

"बाळ्या, तुझ्या आईला सांग, मला भूक नाही."

बाप दोन हातांवर बसलेला असतो. त्याला सगळे ऐकू येत असते. तरी बाळ्याने निरोप पोचवायचा. पोर घरात नसले तर मग भांडी बोलू लागतात. तांब्या जोरात आपटला, पातेले दणकन ठेवले, की समजावे, राग अजून उतरलेला नाही. आता तर फोन आले. फोन वाजत असतो आणि माणूस नुसता बघत राहतो. हाही अबोलाच.

असा दोन दिवसांचा अबोला कोणाचे वाईट करत नाही. रागाच्या भरात तोंडातून वेडेवाकडे जाण्यापेक्षा तो बरा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे करून जन्माचे वैर घेण्यापेक्षा माणसाने घटकाभर गप्प बसावे. पण अबोला मुरला, की त्याचे विष होते.

एक गोष्ट सांगतो. गोष्ट कुठल्याही गावची समजा. दोन सख्खे भाऊ होते. बांधावरून त्यांचे भांडण झाले. बांध किती सरकला? हातभर. अबोला किती वर्षे चालला? नऊ वर्षे. रानात शेजारी शेजारी काम करायचे, पण बोलायचे नाही.

एकदा पावसाने ओढ दिली होती. ज्वारी कोवळीच सुकत चालली होती. अशी कोवळी, पाण्याविना सुकलेली ज्वारी जनावराने खाल्ली तर त्याला विषबाधा होते. हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्या दिवशी थोरल्याची गाय दावे तोडून ज्वारीत शिरली. थोरला विहिरीकडे होता. धाकट्याने गाय पाहिली. त्याने हाक मारायला तोंड उघडले. "दादा" हा शब्द ओठांपर्यंत आला. पण नऊ वर्षांत तो शब्द त्याने उच्चारला नव्हता. त्याला वाटले, मीच का आधी बोलू? तो थोडा वेळ घुटमळला. मग स्वतःच गाय हाकलायला धावला. तोवर उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत गाय गेली.

रात्री धाकटा थोरल्याच्या दारात जाऊन बसला. म्हणाला, "दादा, मी पाहिलं होतं. हाक मारली नाही." थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता बोललास ना. चल, जेव आधी."

मंडळी, गाय ज्वारीने मेली, पण ज्वारीच्या आधी अबोल्याने मारली. या गोष्टीत एक चांगलेही आहे. अबोला धरतात, तसा तो सोडताही येतो. जे हाताने धरले ते हाताने सुटते. फक्त आधी कोणी सोडायचा, एवढाच प्रश्न असतो. आम्ही म्हणतो, जो शहाणा असेल त्याने आधी सोडावा. तुमच्या घरात, भावकीत कोणाशी असा अबोला असेल, तर आज जाताना त्याच्या दारावरून जा.

मौन

मौन हे अबोल्याचे थोरले भावंड आहे. अबोला रागाने धरतात. मौन विचाराने पाळतात.

महात्मा गांधी दर सोमवारी मौन पाळत. २ जून १९४७ या दिवशी सोमवार होता. देशाची फाळणी होणार, अशी ती वेळ होती. दिल्लीत व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची आणि गांधीजींची भेट झाली. एवढा मोठा प्रसंग, पण गांधीजींनी मौन मोडले नाही. वापरलेल्या जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीने आपले म्हणणे लिहून दिले.

आचार्य विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळ पवनार येथे आपल्या आश्रमात २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळले.

यातून आपण काय घ्यावे? गांधीजी बोलले नाहीत, तरी त्यांचे म्हणणे समोरच्याला कळले. का? हातात पेन्सिल होती. ज्याला लिहिता येते, त्याचे तोंड मिटले तरी म्हणणे मिटत नाही. तुम्ही रात्री कंदिलापाशी किंवा दिव्याखाली बसून जी अक्षरे गिरवली, त्यांची ही किंमत आहे.

गप्प बसणे हा कधी कधी हक्कही असतो. आपल्या राज्यघटनेच्या २०व्या कलमात म्हटले आहे, की ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे गरिबातल्या गरीब माणसालाही आपल्या तोंडाची किल्ली आपल्याजवळ ठेवण्याचा अधिकार घटनेने दिला आहे.

वाचा बसते तेव्हा

आता दुसरी जात. न ठरवता येणारी.

दातखीळ बसणे हा शब्द आपण भीतीसाठी वापरतो. पण खरोखरीची दातखीळही असते. धनुर्वाताच्या रोगात जबडा आवळला जातो आणि तोंड उघडत नाही. म्हणून जखमेत माती, शेण गेले किंवा गंजलेला खिळा लागला, तर घरी बसू नये. जखम धुवावी आणि दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यावी. हे जाता जाता सांगितले.

भीतीने वाचा कशी बसते ते तुम्हाला ठाऊक आहे. घरी भरभर बोलणारा माणूस कचेरीच्या पायरीवर चढला की त्याची बोबडी वळते. काय काय विचारायचे ते वाटभर घोकलेले असते. टेबलासमोर उभे राहिले की सगळे विसरते. अशा माणसाला मुखदुर्बळ म्हणतात. दुर्बळ तो स्वतः नसतो, त्याचे फक्त तोंड दुर्बळ असते.

आमच्या वर्गात एक काकू येत. बोलायला हुशार, पाटावरच्या बायकांना हसवणाऱ्या. पण रेशनच्या दुकानात गेल्या की गप्प. आम्ही विचारले, "काकू, तिथे का बोलत नाही?" त्या म्हणाल्या, "काय बोलू? त्या कागदावर काय असतं ते मला कुठे कळतं? चुकीचं बोलले तर चार माणसं हसतील."

सात महिन्यांत त्या आकडे आणि साधे शब्द वाचू लागल्या. मग एकदा दुकानात त्यांनी पावती हातात घेतली आणि बोट ठेवून वाचली. वीस किलो. घरून ताणकाटा नेला होता. पिशवी लावली तर अठरा किलो भरली. काकूंचे पाय कापत होते, असे त्यांनीच आम्हाला सांगितले. पण त्या बोलल्या. "भाऊ, यावर वीस किलो छापलंय. जरा पुन्हा मोजा बरं."

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. पण रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या पावत्या पुढे केल्या. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी काकूंकडे दिल्या. त्या दिवशी रांगेतल्या पिशव्या पुन्हा मोजल्या गेल्या.

काकूंची वाचा इतकी वर्षे बसली होती ती कोणाच्या धाकाने नव्हे. कागद मुका होता, म्हणून काकू मुक्या होत्या. कागद बोलू लागला आणि काकूही बोलू लागल्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार

तिसरी जात सगळ्यांत वाईट. मार तर खायचा, आणि ओरडायचेही नाही. याला आपण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतो.

सुनेला घरात मारहाण होते. ती माहेरी सांगत नाही. शेजारी ऐकतात, तेही सांगत नाहीत. "त्यांच्या घरातली गोष्ट," असे म्हणून दार लावून घेतात. अळीमिळी गुपचिळी हा मुलांचा खेळ झाला. मोठ्या माणसांनी तो खेळला तर कोणाचा तरी जीव जातो. घरात होणाऱ्या छळापासून बायकांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ या नंबरवर फोन करूनही मदत मागता येते. हा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

एकेका माणसाचे तोंड दाबले जाते, तसे कधी एका समाजाचेही दाबले जाते. पाणवठ्यावर जायचे नाही, देवळात जायचे नाही, आणि याविषयी ब्र काढायचा नाही, असे आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी एक मराठी पत्र सुरू केले. त्याला त्यांनी नाव दिले मूकनायक. मूक म्हणजे मुका. ज्यांना बोलू दिले जात नाही, त्यांचा नायक. पत्राच्या तोंडावर तुकारामबुवांचा अभंग छापला जाई. त्याचा आशय असा, की भीड सोडून बोलले पाहिजे, लाजून आपले हित होत नाही. मुक्या ठेवलेल्या लोकांना तोंड मिळाले ते छापील कागदातून, हे ध्यानात ठेवा.

समोरचा मूग गिळतो तेव्हा

मंडळी, आतापर्यंत आपण आपल्या गप्प बसण्याविषयी बोललो. पण समोरचा गप्प बसला तर? रस्त्याचे पैसे आले, ते गेले कुठे? ग्रामसभेत विचारले तर कोणी बोलत नाही. कचेरीत विचारले तर "नंतर या" म्हणतात.

अशा गुळणीवर औषध आहे. माहितीचा अधिकार २००५ साली कायद्याने मिळाला. साध्या कागदावर अर्ज लिहायचा. कोणती माहिती हवी ते नेमके लिहायचे. महाराष्ट्रात त्याला दहा रुपये फी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही, फक्त दाखला जोडायचा. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही दिले, तर वर अपील करता येते. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी सांगणे लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करावी, असेही कायद्यात आहे.

तोंडी विचारलेले वाऱ्यावर जाते. लेखी विचारलेले तारखेसह राहते. अर्जाची एक प्रत घ्या, तिच्यावर पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

शेवटचे दोन शब्द

आम्ही तुम्हाला असे सांगत नाही, की सदा बोलत राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरे आहे. दुसऱ्याचे गुपित पोटात ठेवावे. राग आला तर घटकाभर थांबावे. मयताच्या घरी नुसते जवळ बसावे, तेवढेही पुरते. असे गप्प बसणे माणसाला शोभते, कारण ते त्याने स्वतः धरलेले असते.

पण कधी गप्प बसाल तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा. हे मी धरले आहे, की माझ्यावर बसले आहे, की कोणी दाबले आहे? धरले असेल तर वेळ पाहून सोडा. बसले असेल तर अक्षरांचा आधार घ्या. दाबले असेल तर एकटे राहू नका, चौघांना बरोबर घ्या.

शेवटी दोन शब्द पाटीवर शेजारी शेजारी लिहा. वाचा आणि वाचणे. वाचा म्हणजे बोलण्याची शक्ती. वाचणे म्हणजे तुम्ही या वर्गात शिकलात ते. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. बोलणे या अर्थाच्या एकाच जुन्या संस्कृत धातूपासून ते आले आहेत. वाचणे म्हणजे मुळात बोलायला लावणे. तुम्ही अक्षरांना बोलायला लावता.

आता घरी जा, आणि तुमच्या बोलीत गप्प बसण्याचे आणखी कोणते शब्द आहेत ते आठवून वहीत लिहा. पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपली यादी उभे राहून, मोठ्याने वाचून दाखवायची आहे. त्या दिवशी मिठाची गुळणी चालायची नाही.

राम राम!